सारण तेच, आच वेगळी: कस्टर्ड पायची पार्श्वभूमी

कस्टर्ड म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आठवते ती डब्यातली पिवळी पावडर आणि तिच्यात सोडलेली केळी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे. ही पावडर मुळात अंडी टाळण्यासाठीच जन्माला आली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने 1837 मध्ये मक्याच्या पिठावर दाट होणारं कस्टर्ड तयार केलं. आपल्या शाकाहारी घरांत कस्टर्ड सहज रुळलं ते त्यामुळेच. पण अमेरिकेत सणावाराला, चर्चच्या सामुदायिक जेवणाला, घरच्या गोतावळ्याला जो साधा, जुन्या वळणाचा कस्टर्ड पाय (इंग्रजी ‘pie’, पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) केला जातो, तो या पावडरीच्या कितीतरी आधीचा. दूध, अंडी, साखर, चिमूटभर मीठ, वरून किसलेलं जायफळ आणि खाली मैद्याची पारी. यापलीकडे त्यात काही नसतं.

पदार्थ इतका साधा असला की त्याला इतिहास नसेलच, असं वाटतं. मला मात्र कस्टर्ड पायचा इतिहास फार बोलका वाटतो. सहाशे वर्षांत त्याचं सारण जवळजवळ बदललेलं नाही. बदलली ती पारी, आणि त्याहूनही जास्त बदलली ती आच.

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा संग्रह 1390 च्या सुमाराचा आहे. त्यात ‘दारिओल’ नावाची एक कृती आहे. गाईच्या दुधाची साय किंवा बदामाचं दूध घ्यायचं, त्यात अंडी, साखर, केशर आणि मीठ घालून ढवळायचं, दोन इंच खोल पारीत ओतायचं आणि नीट भाजायचं. आजच्या गृहिणीच्या हाती हा कागद दिला तरी तिचं अडणार नाही. बदामाच्या दुधाची सोय होती ती उपवासाच्या दिवसांसाठी. त्या दिवसांत ख्रिस्ती घरांत दूधदुभतं वर्ज्य असे. केशर आणि साखर दोन्ही महाग, तेव्हा हे राजेरजवाड्यांच्या ताटातलं पक्वान्न होतं, हे वेगळं सांगायला नको.

पारी मात्र आजच्यासारखी नव्हती. मध्ययुगीन पाय भाजायला बहुधा वेगळं भांडं नसे, पारी हेच भांडं. घट्ट मळलेल्या पिठाच्या जाड भिंती हातांनी उभ्या करायच्या आणि त्या स्वतःच्या बळावर उभ्या राहिल्या पाहिजेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. खुसखुशीतपणाचा विचार नंतरचा. त्यात पातळ सारण ओतलं तर भिंती बसणार, म्हणून इंग्रज स्वयंपाकी आधी रिकामी पारी भट्टीत ठेवून कडक करत, आणि मग ती भट्टीतच असताना लांब दांड्याच्या पळीने सारण भरत. भरलेली, डचमळणारी पारी उचलून आत ठेवण्याचा धोकाच त्यांनी ठेवला नव्हता. पुढे पीठ थापायला उथळ ताटल्या आल्या, उभं राहण्याचं काम ताटलीने पत्करलं, आणि मग पारीत भरपूर लोणी किंवा चरबीचं मोहन घालता आलं. पाय खाताना पारीची चव घेण्याची सवय या बदलातून वाढली.

अटलांटिक ओलांडून गेलेल्या इंग्रजांनी हे सगळं ज्ञान सोबत नेलं. अमिलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ 1796 मध्ये हार्टफर्डला छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेने लिहिलेलं आणि अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानतात. त्यात लाल भोपळ्याच्या दोन कृती आहेत: एकीत साय आणि तब्बल नऊ अंडी, दुसरीत दूध, चार अंडी आणि काकवी. दोन्ही पारीत घालून भाजायच्या. म्हणजे ज्याला आज पम्पकिन पाय म्हणतात तो भोपळा घातलेला कस्टर्ड पायच आहे. सारा जोसेफा हेल यांच्या 1827 च्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीनंतर आभार मानण्याच्या सणाच्या, मेजावर मानाची जागा या भोपळ्याच्या पायला आहे. थँक्सगिव्हिंग देशभर एकाच दिवशी पाळावा म्हणून याच हेलबाई वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिल्या, आणि 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी तो नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार ठरवला. कुटुंब एकत्र जमण्याचा दिवस आणि कस्टर्डच्या जातीचा पाय यांची गाठ राष्ट्रीय पातळीवर पडली ती इथे.

साधा कस्टर्ड पाय मात्र मुळात वसंताचा. कोंबडी दिवसाच्या उजेडाप्रमाणे अंडी घालते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात दिवस लहान झाले की अंडी आटत, आणि मार्च-एप्रिलात गाई व्यायल्या, कोंबड्या भरात आल्या की दूध आणि अंडी एकदमच उदंड होत. तेव्हा शेतावरच्या बाईला बाजारातून फक्त साखर आणि जायफळ आणावं लागे. अंड्यांविना काढायच्या दिवसांसाठी वेगळे पाय होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साय, साखर आणि पिठावर दाट होणारा शुगर क्रीम पाय आजही अभिमानाने करतात. खुराड्यात विजेचे दिवे लागले आणि बारमाही अंडी मिळू लागली, तसा या पायचा ऋतू पुसला गेला.

आता आचेकडे येऊ, कारण या पदार्थाची खरी परीक्षा तिथेच आहे. जुन्या विटांच्या भट्टीत आतच लाकडं पेटवत, निखारे आणि राख बाहेर ओढत, आणि तापलेल्या विटांच्या धगीवर भाजत. धग उतरत जाई तसे पदार्थ बदलत: कडक आचेला ब्रेड आणि पाय, शेवटच्या मंद आचेला कस्टर्ड. आत हात धरून किती वेळ सोसवतो यावर अंदाज बांधायचा. एकोणिसाव्या शतकात घराघरांत बिडाच्या चुली आल्या. त्यांना सतत सरपण लागे, धग चढे-उतरे. मऊ सारणाचा पाय अशा चुलीत सांभाळणं हे कसबाचं काम होतं.

फॅनी फार्मर यांचं बोस्टन कुकिंग स्कूलचं पुस्तक 1896 मध्ये आलं. सपाट चमचा, सपाट कप अशी नेमकी मापं अमेरिकन घरांत रुजवणारं हे पुस्तक. त्यातल्या कस्टर्ड पायला दोन अंडी, तीन टेबलस्पून साखर, दीड कप दूध, किंचित मीठ आणि थोडं जायफळ एवढंच लागतं. पण मोलाची आहे ती पुढची सूचना: आधी कडक आच, म्हणजे पारीची कड धरेल, मग आच कमी करायची, कारण दूध आणि अंडं एकत्र असलं की ते मंद आचेवरच शिजवावं लागतं. 1915 च्या सुमारास गॅसच्या ओव्हनला तापमान राखणारा नियंत्रक आला आणि हीच सूचना आकड्यांत उतरली. आज सुरुवातीची काही मिनिटं 220 अंश सेल्सिअस आणि मग 175 च्या आसपास, असं लिहिलेलं असतं.

दोन आचा का, याचं उत्तर अंड्याच्या प्रथिनांत आहे. नुसतं पांढरं 62-63 अंशांपासून धरायला लागतं. दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण 80 अंशांच्या पुढेमागे धरतं. आणखी पाचसहा अंश वर गेलं की प्रथिनांची जाळी आवळते, पाणी सुटतं, आणि वाफ जास्त झालेल्या खरवसासारखी जाळी पडते. पारीला मात्र कोरडं आणि खुसखुशीत व्हायला याच्या कितीतरी वरची उष्णता हवी. एकाच ताटलीत दोन उलट मागण्या, म्हणून तळाची पारी ओली राहणं हे या पायचं जुनं दुखणं. सारणात गरम दूध घालणं हा त्यावरचा उत्तम उपाय, कारण मग ओव्हनमधला वेळ कमी होतो आणि पारी भिजायला अवधी मिळत नाही. 1915 मध्ये पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आली आणि तळ तांबूस झाला की नाही हे पाय न मोडता दिसू लागलं. विसाव्या शतकातल्या काही अमेरिकन गृहिणींनी तर दोघांची फारकतच केली. पारी वेगळी भाजायची, सारण तेवढ्याच ताटलीत वेगळं, आणि गार झालेलं सारण अलगद पारीत सरकवायचं.

मध्यभाग किंचित हलत असतानाच पाय बाहेर काढायचा, हे जुन्या बायका सांगत आल्या ते याच कारणाने. आतली उष्णता उरलेलं काम पुरं करते. पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवायचा तर पूर्ण निववून फ्रिजमध्ये ठेवावा. अंड्या-दुधाचं सारण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

मुंबईतही सारणाचा हाच वंश नांदतो आहे. पारशी लग्नातलं ‘लगन नु कस्टर्ड’ म्हणजे आटवलेलं दूध, अंडी, साखर, वेलदोडा आणि जायफळ, वर बदाम-चारोळी, आणि ओव्हनमध्ये वरची साय तांबूस होईपर्यंत भाजणं. सायबाच्या कस्टर्डला बासुंदीच्या वळणाने पारशांनी आपलंसं केलं. दूध आटवलेलं असल्याने ते पायपेक्षा दाट धरतं, सुरीने स्वच्छ कापता येतं, आणि पारीच नसल्याने सुरुवातीच्या कडक आचेची गरज पडत नाही.