अनुदिनी (कोकणातील नित्यलेखन)

रोज किंवा ठरावीक वारी आपला अनुभव, निरीक्षण किंवा मत थोडक्यात लिहून ते इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल असे ठेवणे, याला अनुदिनी म्हणतात. बोलताना सगळे ‘ब्लॉग’च म्हणतात. ‘अनुदिनी’ म्हणजे दररोज. हा शब्द संध्याकाळच्या परवच्यातून मराठी कानांना आधीपासून ओळखीचा होता, तो या कामाला जुंपला गेला. रोजनिशी कपाटात राहते, अनुदिनी चव्हाट्यावर. कोकणात ‘चव्हाटा’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो, कारण दक्षिण कोकणातल्या कितीतरी गावांत चव्हाट्यावर देव असतो.

मत चारचौघांत मांडायची सवय या किनाऱ्याला नवी नाही. देवळात गाऱ्हाणे घालताना गावावरचे संकट मोठ्याने सांगायचे आणि जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, ही रीत आजही चालू आहे. त्याहून रोजची गोष्ट म्हणजे गजाल. मालवणीत गजाल म्हणजे गप्पा, पण त्यात बातमी, टोमणा आणि निवाडा असे तिन्ही येते. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, वाट बघत बसलेल्यांत ती रंगते. ‘गजालीन घो खाल्लो’ (गप्पांनी नवरा खाल्ला) ही म्हण तिच्या व्यसनावरच बेतलेली आहे. अनुदिनी ही लिहिलेली गजाल आहे असे म्हणायचा मोह होतो, पण एक फरक मोठा आहे. गजाल उठल्यावर मोडते. लिहिलेले राहते, आणि चार वर्षांनी कुणीतरी ते शोधून काढते.

छापील मतलेखनाच्या सुरुवातीलाही कोकणी माणसे दिसतात. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले; एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर अशी त्याची मांडणी होती. पेणचे भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने गोपाळ हरी देशमुखांची शंभरावर पत्रे क्रमाने छापून आली. आजचा विषय आजच, थोडक्यात आणि टोपणनावाने लिहायचा हा शिरस्ता तेव्हाचा.

इंटरनेटवर मराठी लिहिणे बराच काळ लिपीपाशी अडले होते. लिहिणाऱ्याकडचा फाँट वाचणाऱ्याकडे नसला की पडद्यावर नुसते चौकोन आणि चिन्हांचा चिखल दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला पुढचे दशक उजाडले. आता बहुतेकांचे लेखन मोबाइलवरच होते. अडचण उरली ती बोलीची. वसईकडची वाडवळी, रायगडातली आगरी, रत्नागिरीची संगमेश्वरी, सिंधुदुर्गातली मालवणी यांना ठरलेले शुद्धलेखन नाही. ‘कुठे’ या अर्थी मालवणी माणूस ‘खय’ लिहितो, ‘खंय’ लिहितो, ‘खैं’ही लिहितो, आणि कीबोर्ड तिन्ही खोडायला बघतो. ‘माका’ लिहिले की तो ‘मला’ किंवा ‘मका’ पुढे करतो. म्हणून पुष्कळजण निवेदन प्रमाण मराठीत करतात आणि संवाद तेवढे बोलीत ठेवतात. ही तडजोड वाईट नाही. नाटकवाल्यांनीही ती केलेलीच आहे.

नियमितपणा हा या लेखनाचा कणा आणि तोच सगळ्यात आधी मोडतो. सवय २१ दिवसांत लागते हा समज पुस्तकांनी पसरवला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हे त्यातले कामाचे निरीक्षण. दुसरे असे की ती कृती रोज त्याच खुणेला बांधलेली होती, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. कोकणात अशी खूण घड्याळापेक्षा वस्तीच्या एसटीची चांगली. ती रात्री गावात येते, दिवे मालवते, मग गावाला निजानीज होते. त्यानंतरचा अर्धा तास हक्काचा.

पण वर्षाला इथे स्वतःचे वेळापत्रक आहे. मार्च ते मे आंब्याचे दिवस. बागायतदार पहाटे झेल्याने आंबे उतरवतो, रात्री पेट्या भरतो आणि लिहिणे मागे पडते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, पाऊस अंगणाबाहेर पडू देत नाही, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ सुचते आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या अनेक वाड्यांना वीज आणि रेंज परत मिळायला कितीतरी दिवस लागले. यावरचा जुना उपाय वहीचा. तारीख घालून कागदावर लिहायचे आणि रेंज मिळेल त्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) टोकाला जाऊन मागाहून चढवायचे. चाकरमान्याला अशी शिळी नोंदही चालते. शिमग्याची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, विहिरीला पाणी किती, हे त्याला मुंबईत दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार?

विषय संपतात ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती बहुतेक वेळा मोठे विषय शोधल्यामुळे असते. ‘मुंबई-गोवा महामार्ग रखडला’ हे वाक्य इतक्यांनी लिहिले आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. त्याऐवजी गणपतीला येणाऱ्या भावासाठी केलेली घावणे किती वाजता झाकून ठेवली आणि तो किती वाजता दारात आला, एवढेच लिहिले तरी मत पोहोचते. बाजारातही तसेच. बांगडा महागला हे सगळ्यांना ठाऊक असते. टोपलीत बांगडा पाचच का, आणि बर्फाची गाडी भरून कुठल्या दिशेने गेली, हे बघणारा एखादाच.

मताची किंमत मोजावी लागते हेही याच किनाऱ्यावर दिसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्या ओळी पसंत केल्याची खूण करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. पुढे तो खटला गुंडाळला गेला. या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर निकाल देताना २४ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. बदनामीची आणि धार्मिक भावना दुखावल्याची कलमे अर्थातच आहेत तिथे आहेत.

रोजच्या लेखनात मात्र कायद्यापेक्षा भावकी भारी पडते. सातबाऱ्यावर वीस नावे असलेल्या सामाईक जमिनीतल्या फणसाबद्दल लिहिले, तर उरलेले एकोणीस जण वाचतात. टोपणनावाचा उपयोग शहरात. गावात विहीर, पिंपळ आणि घाटी (चढणीची वाट) एवढे वर्णन आले की लिहिणारा कोण हे संध्याकाळपर्यंत ठरते. त्यामुळे इथले लिहिणारे एक वळसा शिकतात: वाडीचे नाव गाळायचे, माणसाचा धंदा बदलायचा, आणि टोमणा आधी स्वतःला मारून मग पुढे सरकवायचा. एवढे करूनही ओळखायचा तो ओळखतोच. लेखाखालची प्रतिसादाची जागा महिनोन्‌महिने रिकामी असते, म्हणून नवखा लिहिणारा खचतो, कुणी वाचतच नाही असे त्याला वाटते. मग एका सकाळी तिठ्यावर दुधाची किटली घेऊन उभा असलेला चुलता नजर न वळवता विचारतो, ‘काय रे मेल्या, फणसाचा काय ता लिवलंस?’