एमटीबी १०२ : टॉर्पेडो सोडायचा कुठून?

१९३७ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला व्हॉस्पर कंपनीनं नौदलाची मागणी नसताना, स्वतःच्या हिमतीवर एक ६८ फुटी लाकडी बोट बांधली. आराखडा पीटर ड्यू केन यांचा. पुढे ती नौदलानं घेतली आणि तिला नाव मिळालं एमटीबी १०२. एमटीबी म्हणजे मोटर टॉर्पेडो बोट, आणि टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या ताकदीनं जाऊन शत्रूच्या जहाजावर फुटणारं अस्त्र.

भार नसताना तिचा वेग होता ४८ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ८९ किलोमीटर. साधं जहाज वेग वाढवायला गेलं की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. इंजिनाची जास्तीची ताकद लाट उठवण्यातच जाते. १०२ चा तळ पसरट होता. वेग घेतला की पाण्याचा दाब तिला वर उचलायचा आणि ती पाण्यावरून घसरत जायची. चपटा दगड भिरकावून मुलं तळ्यात भाकऱ्या काढतात, त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी बोट हलकी हवी, म्हणून महोगनीच्या तिरप्या फळ्यांचे दोन थर. तीन पेट्रोल इंजिनं मात्र इटलीच्या इसोटा फ्रास्किनी कंपनीची! जून १९४० मध्ये इटली शत्रूच्या बाजूनं उतरली आणि नंतरच्या बोटींसाठी अमेरिकी इंजिनं शोधावी लागली.

खरा पेच टॉर्पेडोचा होता. ब्रिटनच्या आधीच्या ६० फुटी बोटी तो मागच्या बाजूनं पाण्यात सोडायच्या, पण त्याचं तोंड बोटीच्याच दिशेला असायचं. मग आपल्याच टॉर्पेडोच्या पुढे पळायचं आणि वेळेत बाजूला वळायचं! १०२ वर आधी थेट नाकातून नळी काढून पाहिली. नंतर डेकच्या दोन्ही अंगांना, तोंडं किंचित बाहेर वळवून नळ्या बसवल्या. हीच मांडणी टिकली आणि व्हॉस्परच्या पुढच्या बोटींनी उचलली. माझ्या मते १०२ चं सर्वांत मोठं काम हेच.

लोकांना मात्र आठवतं ते डंकर्क, फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैन्याला १९४० मध्ये समुद्रमार्गे सोडवून आणण्याची मोहीम. लेफ्टनंट ख्रिस्तोफर ड्रेयर यांनी ही बोट ८ वेळा इंग्लिश खाडीपार नेली. १ जून १९४० रोजी ‘कीथ’ ही विनाशिका बॉम्बहल्ल्यात निकामी झाली आणि तिथल्या जहाजांचं काम पाहणारे रिअर अॅडमिरल वेक-वॉकर १०२ वर आले. अॅडमिरलचा झेंडा या चिमुकल्या बोटीवर कुठून असणार? भांडी पुसायच्या फडक्यावर लाल रंग फासून तो तिथंच तयार केला आणि त्याखाली काम चालू राहिलं.

१९४४ मध्ये नॉर्मंडीच्या मोहिमेआधी चर्चिल आणि आयझेनहॉवर यांनी जहाजांची पाहणी केली तीही हिच्यावरूनच. युद्धानंतर ती खासगी मालकीत गेली, १९७० च्या दशकात नॉरफोकच्या सागरी स्काउटांकडे आली. आता एक विश्वस्त संस्था तिला सांभाळते, आणि पेट्रोल इंजिनांच्या जागी डिझेल इंजिनं बसवून ती अजून समुद्रात जाते.