लसणावरील बुरशीजन्य रोग

लसणाची पात, मुळे व साठवणीतील गड्डे यांवर बुरशीमुळे येणारे रोग. नागपूर परिसरात लसूण रब्बी हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. जानेवारीनंतर गड्डे पोसत असताना ढगाळ हवा, अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाल्यास करप्याचा (पातीवर ठिपके पडून ती वाळवणाऱ्या रोगाचा) जोर वाढतो.

जांभळा करपा ऑल्टर्नेरिया पोराय या बुरशीमुळे होतो. बुरशीशास्त्रज्ञ एलिस यांनी 1879 मध्ये तिचे वर्णन मॅक्रोस्पोरियम या प्रजातीत केले. सध्याचे नाव सिफेरी यांनी 1930 मध्ये दिले. स्टेम्फिलियम व्हेसिकॅरियममुळे येणारा तपकिरी करपाही पूर्वी बऱ्याचदा याच नावाखाली नोंदला गेला असावा, कारण पातीवर प्रथम खोलगट, पांढुरका ठिपका पडणे, मग मध्यभाग जांभळट होऊन भोवती पिवळी कड येणे आणि अखेरीस पात त्याच जागी मोडून लोंबणे, हा क्रम दोहोंत जवळजवळ सारखाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पहिलीचे बीजाणू लांब चोचीचे, तर दुसरीचे आखूड व चोचविरहित आढळतात. स्टेम्फिलियमला केवळ दुय्यम (आधीच इजा झालेल्या पातीवरच वाढणारी) मानणाऱ्या मतापेक्षा ती स्वतंत्रपणेही रोग घडवते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पातीत या बुरशींचा शिरकाव सुलभ होतो. म्हणून फुलकिड्यांचे नियंत्रण हा करपा-नियंत्रणाचाच भाग होय.

पांढरी सड (स्क्लेरोशियम सेपिव्होरम) हा थंड जमिनीचा रोग आहे. तिच्या मोहरीहून बारीक, काळ्या जालाश्मी (बुरशीच्या कठीण, सुप्त गाठी) जमिनीत वीस वर्षेही तग धरतात आणि लसूण-कांद्याच्या मुळांतून पाझरणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांमुळेच रुजतात. त्यामुळे अल्पकाळ पीक पालटून हा रोग हटत नाही. फ्युजेरियममुळे होणारी तळकुज याउलट उष्ण जमिनीत बळावते.

लसणाची लागवड पाकळ्यांपासूनच होत असल्याने रोग बेण्याबरोबर शेतात येतो. यासाठी निरोगी गड्डे निवडून पाकळ्या कार्बेन्डाझिमच्या द्रावणात (लिटरला 1 ग्रॅम) बुडवून लावतात. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत गादीवाफे हितावह ठरतात. करप्याचे पहिले ठिपके दिसताच मॅन्कोझेब (लिटरला 2.5 ग्रॅम) फवारतात, पात मेणचट असल्याने द्रावणात स्टिकर (द्रावण पातीला चिकटवणारे द्रव्य) मिसळणे अगत्याचे आहे. पुढील फवारणीत ट्रायाझोल गटातील बुरशीनाशक आलटून-पालटून वापरल्यास बुरशीत प्रतिकारक्षमता निर्माण होण्याचा धोका घटतो. पांढऱ्या सडीवर उभ्या पिकात फवारणीचा विशेष उपयोग होत नाही. रोगट झाडे मातीसह उपटून नष्ट करावी लागतात.

काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडून गड्डे सावलीत पातीसह सुकवल्यास साठवणीतील निळी व काळी बुरशी कमी राहते.