एक कण, दोन मापं

जून महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या प्रयोगशाळेत, डोकावलं, तर आत सगळं पिवळं दिसतं. भिंती पिवळ्या, टेबलं पिवळी, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली माणसंही पिवळीच. त्यांतल्या एखाद्याचं वय जेमतेम वीस असतं. पदवीचं दुसरं-तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं, सुट्टीत अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे नॅनोविज्ञानाच्या, संशोधनात हात घालायची संधी मिळालेली, हातात चिमटा, चिमट्यात सिलिकॉनची चकती, आणि ती पडेल याची धास्ती.

पिवळ्या उजेडाला कारण आहे. चकतीवर फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाने नक्षी छापता येणाऱ्या रसायनाचा, पातळ थर असतो आणि निळ्या किंवा अतिनील प्रकाशाने त्याचं रसायन बदलतं. साध्या पांढऱ्या दिव्याखाली नक्षी छापायच्या आधीच तो वाया जाईल. फोटो धुण्याच्या जुन्या डार्करूममधला लाल दिवा आठवा. त्यातलाच हा प्रकार. पोशाखाचंही तसंच. तो माणसाला नव्हे, माणसापासून चकतीला जपण्यासाठी असतो. ‘क्लास १००’ दर्जाच्या खोलीत एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त चालत नाहीत. आपण मात्र नुसते उभे राहिलो तरी त्वचेचा भुगा सांडत असतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घ्यायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने १९६९ मध्ये त्यासाठी खास उपक्रम काढला, कॅलटेक विद्यापीठाने १९७९ मध्ये उन्हाळी फेलोशिप सुरू केली. संशोधनाला सरकारी पैसा देणारं अमेरिकेचं नॅशनल सायन्स फाउंडेशन १९८७ पासून ‘आरईयू’ (रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स) नावाने असे कार्यक्रम देशभर चालवतं. ते बहुधा आठ-दहा आठवड्यांचे असतात. विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं आणि बहुतेक ठिकाणी राहण्याची सोयही होते. पैसा त्या फाउंडेशनचा असल्यामुळे प्रवेश तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच.

नॅनोविज्ञानात या उन्हाळ्याला वेगळं वजन आहे, ते यंत्रांमुळे. इलेक्ट्रॉनांच्या झोताने नक्षी कोरणारं यंत्र लाखो डॉलरचं; प्रत्येक प्राध्यापकाला ते कुठून परवडणार? म्हणून सामायिक केंद्रं उभी राहिली. कॉर्नेल विद्यापीठातलं १९७७ चं. पुढे २०१५ मध्ये १६ केंद्रांचं राष्ट्रीय जाळं विणलं गेलं, पाच वर्षांसाठी ८ कोटी १० लाख डॉलर देऊन. बाहेरच्यांना शिकवून यंत्रावर बसवणं हे या केंद्रांचं रोजचंच काम, त्यामुळे विशीतला पाहुणा तिथे अडचण ठरत नाही.

सुरुवातीचे दिवस प्रशिक्षणात जातात. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा धडा तर कुणी विसरत नाही: सौम्य असलं तर अंगावर सांडल्याचं तासन्‌तास कळतही नाही, तोवर ते आत शिरून रक्तातलं कॅल्शियम ओढू लागतं. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवलेलं असतं.

मग प्रयोग. सोन्याच्या नॅनोकणांचं उदाहरण घेऊ, कारण त्यात चूक डोळ्यांना दिसते. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि त्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घालायचं. ही रीत १९५१ पासून प्रसिद्ध आहे. द्रावणाचा रंग उडतो, मग ते काळपट होतं आणि काही मिनिटांत माणकासारखं लाल. साधारण २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण हिरवा प्रकाश शोषतात, त्यामुळे उरतो तो लाल. कण एकमेकांना चिकटले की तेच द्रावण जांभळं-निळं पडतं. काचेचं भांडं नीट धुतलं नसेल तरी पुरतं! पहिल्या आठवड्यात बरंच जांभळं पाणी ओतून द्यावं लागतं, आणि माझ्या मते ते शिक्षण स्वस्तच आहे.

खरी गंमत लाल रंग जमल्यावर सुरू होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणतो, कण २० नॅनोमीटरचा. तोच नमुना लेझरच्या विखुरण्यावरून मोजला, तर आकडा ३० च्या पुढेही जाऊ शकतो. दोन्ही यंत्रं ठीक असतात. सूक्ष्मदर्शकाला दिसतो तो फक्त धातू, तोही वाळवलेला. लेझरच्या पद्धतीत कण पाण्यात किती वेगाने भरकटतो यावरून आकार काढतात, म्हणजे त्याला बिलगलेल्या थरासकट. शिवाय एवढ्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. दुप्पट जाडीचा कण ६४ पट चमकतो, आणि मोजके ढब्बू कण बाकीच्यांचा आवाज दाबून टाकतात. सूक्ष्मदर्शकातही फसगत असतेच: चित्रात घोळका दिसला, तर कण पाण्यातच चिकटलेले होते की थेंब वाळताना एकत्र आले? ते चित्राकडे बघून ठरत नाही. वेगळा प्रयोग रचावा लागतो, आणि तोवर सातवा आठवडा उजाडलेला असतो.

पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगात उत्तर आधीच छापलेलं असतं. चुकलं तर आपण चुकलो. इथे आकडा चुकीचा आहे की प्रश्न, हे सांगणारं कुणी नाही. मार्गदर्शक पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

शेवटच्या आठवड्यात निष्कर्ष मांडणारं पोस्टर लागतं. त्यावर आकाराच्या तक्त्यात दोन रकाने असतात, आकडे न जुळणारे. समोर थांबलेला हमखास विचारतो, यातलं खरं कुठलं? विद्यार्थी त्यालाच उलट विचारतो, “तुम्हाला धातू मोजायचाय, की पाण्यात हिंडणारी अख्खी गोष्ट?”