भाषेचं अंतर की अध्ययन अक्षमता? निरीक्षण वहीत शेरा लिहिण्याआधी

दुसरीतलं एक मूल. प्रश्न विचारला की खाली बघतं. वाचताना एकेक अक्षर लावत अडखळतं, जोडाक्षर आलं की थांबतं, फळ्यावरचं उतरवताना मात्रा गाळतं. तीन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच कशीबशी पाळतं. आंतरवासितेसाठी (प्रत्यक्ष शाळेतल्या सरावासाठी) गेलेले डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेचे छात्राध्यापक अशा मुलापुढे 'अप्रगत' लिहितात. हल्ली काही जण 'एलडी असावा', म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी किंवा अध्ययन अक्षमता असावी, असंही लिहितात. हा दुसरा शेरा जास्त जबाबदारीचा आहे, कारण हीच लक्षणं दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांनी दिसू शकतात.

मेळघाटात धारणीच्या बाजूला घरी कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, तेव्हा त्याच्यात काही कमी नसतं. घर आणि शाळा यांच्यात अंतर असतं. अध्ययन अक्षमता मात्र मुलाच्या मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असते. बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही, किंवा लेखन, अंकगणित अडतं. ती पुण्यातल्या मराठी घरातही आढळते आणि भामरागडच्या माडिया घरातही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात भरवशाचा प्रश्न एकच: हे मूल स्वतःच्या भाषेत कसं आहे? केवळ भाषेचं अंतर असेल तर अडचण मराठीपाशी संपते. घरी ते गोष्ट क्रमाने सांगतं, लहान भावंडांना खेळाचे नियम समजावतं, निरोप चोख पोचवतं. वाचन अक्षमता (डिस्लेक्सिया, अध्ययन अक्षमतेचाच एक प्रकार) असलेल्या मुलाच्या खुणा घरच्या भाषेतही सापडतात. गाण्याचं यमक पकडता येत नाही, शब्दाचे तुकडे पाडता येत नाहीत, ओळखीच्या वस्तूचं नाव चटकन आठवत नाही, वारांचा क्रम सारखा हुकतो. गोष्ट मात्र ते छान सांगू शकतं, म्हणून नुसत्या गोष्टीवरून निर्णय करू नये. हे कळायला शिक्षकाला कोरकू अस्खलित यायला हवी असं नाही. आजी, थोरला भाऊ, अंगणवाडी सेविका यांच्यापाशी बसून विचारावं लागतं. छात्राध्यापकांच्या निरीक्षण वहीत या भेटीला सहसा जागाच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा पुरावा चुकांमध्ये असतो, आणि इथे शिक्षकाला थोडं भाषाशास्त्र आलं तर फार फायदा होतो. कोरकू ही मुंडारी, संथाळीच्या कुळातली भाषा. तिच्यात नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते. मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. गोंडीत पुरुषवाचक नामं एका गटात आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू असं बाकी सगळं दुसऱ्या गटात. अशा घरातलं मूल 'गाय आला' म्हणालं किंवा 'ती'च्या जागी 'ते' वापरलं, तर ते आपल्या भाषेचा नियम मराठीला लावून पाहतंय. हिंदी घरातलं मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणतं, कारण प्रमाण हिंदीत ळ नाही. या चुकांना नियम आहे, त्याच घरभाषेच्या इतर मुलांच्याही चुका तशाच असतात, आणि मराठी कानावर पडत गेली की त्या कमी होतात. अक्षमतेतल्या चुका अशा एका नियमात बसत नाहीत. काल वाचलेला शब्द आज अनोळखी होतो, एकाच पानावर तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि वर्गातली त्याच भाषेची बाकीची मुलं पुढे गेली तरी हे मूल तिथेच राहतं. ही शेवटची तुलना करायला कुठलंही साधन लागत नाही.

एका ठिकाणी मात्र अनुभवी शिक्षकही फसतात. मूल मैदानावर मराठीत छान गप्पा मारतं, मग शिक्षक म्हणतात, 'मराठी तर येते त्याला, अभ्यासातच काहीतरी दोष आहे.' जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं. पाठ्यपुस्तकातली भाषा समवयस्कांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. दुसरीतलं मूल त्या वाटेच्या सुरुवातीलाच असतं.

चुकीचा शेरा किती महाग पडतो हे कॅलिफोर्नियातल्या १९७०च्या डायना खटल्यात दिसलं. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांची बुद्धिमत्ता इंग्रजीतून तपासून त्यांना मतिमंदांच्या वर्गात घातलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर बहुतेकांची जागा तिथे नव्हतीच असं निघालं. १९७५ पर्यंत मुलाच्या स्वतःच्या भाषेतून चाचणी घेण्याची अट अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आली.

आपल्याकडे उलटी चूकही तितकीच होते. 'आदिवासी भागातलं मूल आहे, भाषेमुळे होतंय, येईल हळूहळू' असं म्हणत म्हणत मूल आठवीत पोचतं आणि वाचता येत नाही म्हणून शाळा सोडतं. अक्षमता सर्व घरांत असते, पण ती तपासली जाते प्रामुख्याने शहरांत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियासाठी 'डाली' हे भारतीय साधन प्रथम हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केलं. कोरकू किंवा गोंडी मुलाला मराठीतून तपासलं तर आधी मोजली जाईल ती त्याची मराठीच. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. त्यात ऊसतोडीमुळे हंगामभर शाळा बुडालेलं मूल असेल तर तिसरंच कारण पुढे येतं: त्याला कधी नीट शिकवलंच गेलेलं नसतं.

उपायही वेगळे आहेत. भाषेच्या अंतरावर घरची भाषा वर्गात आणणं, आधी भरपूर बोलणं-ऐकणं, मग वाचन, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या सवंगड्याची सोबत हे उपयोगी. अक्षमतेत ध्वनी आणि अक्षर पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा, हाताने गिरवत शिकवावं लागतं. पुढे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मिळतात, पण त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकायला हवी, आणि शिक्षणाची भाषा न येणं किंवा अपुरं अध्यापन हे तिचं कारण नसावं.

म्हणून छात्राध्यापकाने वहीत निदान लिहू नये. घरची भाषा कोणती, त्या भाषेत मूल काय करू शकतं, कोणती चूक किती वेळा आणि कोणत्या शब्दांवर झाली, काय मदत दिली आणि त्यानंतर काय बदललं, एवढं तारखेसह लिहावं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाकडे मूल पाठवायची वेळ आलीच, तर ती चार पानं त्याच्यासोबत जायला हवीत.