नवा बँड की एकट्याचं नाव? नावाजलेल्या गायकापुढचा पेच

लगीनसराई संपून पावसाळा लागला की खानदेशातल्या बँड पार्ट्यांमध्ये माणसांची अदलाबदल सुरू होते. पारोळ्याचा गायक शिरपूरकडे जातो, दोंडाईचाचा कीबोर्डवाला अमळनेरच्या मालकाकडून पुढच्या सीझनची उचल घेतो. या धांदलीत एखादा असा असतो की सुपारी (कार्यक्रमाचं काम) द्यायला आलेले लोक मालकाला आधी विचारतात, "तो गाणारा येणार ना?" त्याची अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखोंनी पाहिलेली असतात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यापासून कानबाई देवीच्या मिरवणुकीपर्यंत त्याचाच आवाज वाजत असतो. मग एके दिवशी तो मित्रांपुढे प्रश्न टाकतो : "आते काय करू, भो? मना बँड काढू का एकलाच गाऊ?"

निम्मे मित्र म्हणतात, काढ स्वतःचा बँड, मालक हो. बाकीचे म्हणतात, बँडबिंड कशाला, तुझं नाव पुरेसं आहे. दोघांना वाटतं आपण उलटसुलट सल्ला देतोय. खरं तर बहुतेक वेळा दोघे एकच गोष्ट सांगत असतात, कारण आपल्याकडचा लग्नाचा बँड हा एका माणसाचा धंदा असतो. गाडी त्याची, साउंड त्याचा, गणवेश त्याने शिवलेले, इसार त्याच्या खिशात. वाजवणारे रोजावर किंवा सीझनच्या ठरावावर. गायकाने असा बँड काढला तर तो मालक होईल, पण त्याचं काम एकट्याचंच राहील, फक्त दारावर पाटी बँडची लागेल.

रंगमंचावरून तर फरक कळणं अशक्यच. मध्ये माइक धरलेला एक, मागे ऑक्टोपॅड (ठेका देणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), कीबोर्ड, गिटार, ढोलकी. सोलो कार्यक्रमातही इतकीच माणसं आणि बँडमध्येही इतकीच. त्यामुळे डोकी मोजून काही हाती लागत नाही. मी एकच गोष्ट बघतो : मधल्या माणसाला "नाही" म्हणायचा हक्क मागच्यांना आहे का, आणि ते "नाही" टिकतं का?

तालमीत हे लगेच दिसतं. नवं गाणं बसवायचं आहे. गायकाला ते काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गायचं आहे, कारण तिथे त्याचा वरचा सूर चमकतो. कीबोर्डवाला म्हणतो, "दादा, अंतऱ्याला ओढाताण होतेय, जरा खाली, पांढरी एकला घेऊ." ऑक्टोपॅडवाल्याला लय थोडी वाढवायची आहे. एकट्याच्या कामात गायक ऐकून घेतो, पटलं तर घेतो, नाही पटलं तर म्हणतो, "राहू द्या, काळी दोनच." विषय संपला, आणि त्यात गैरही काही नाही, कारण साथीदारांचे पैसे त्या सुरावर अवलंबून नसतात. बँड असेल तर तिघांनी पांढरी एक म्हटल्यावर गायकाला खाली यावं लागतं. तो आला नाही, दर वेळी त्याचंच खरं झालं, तर नाव काहीही असो, तो बँड नाही.

ही गल्लत जगभर झाली आहे आणि फार मोठ्या माणसांकडून झाली आहे. इंग्लंडचा नामांकित रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनला 1970 साली स्वतःच्याच प्रसिद्धीचा कंटाळा आला होता. त्याने 'डेरेक अँड द डॉमिनोज' असं नाव घेतलं आणि त्याच्या आड तो चारचौघांतला एक होऊन बसला. त्या वर्षअखेर आलेला त्यांचा अल्बम आज रॉकमधला मैलाचा दगड मानतात, पण तेव्हा खप थंड होता. डेरेक कोण हे लोकांना ठाऊकच नव्हतं. शेवटी कंपनीने 'डेरेक म्हणजेच एरिक' असे बिल्ले छापून वाटले. नाव लपवायला बँड काढायचा आणि माल खपवायला तेच नाव बाहेर काढायचं! पुढच्याच वर्षी तो बँड मोडला.

गाजलेला इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीने जास्त प्रामाणिक प्रयत्न केला. 1988 मध्ये त्याने 'टिन मशीन' उभा केला. चौघे सारखे, निर्णय मिळून आणि बोवीची जुनी गाजलेली गाणी वाजवायची नाहीत. पहिला अल्बम 1989 चा, दुसरा 1991 चा, आणि 1992 मध्ये खेळ खलास. आत बरोबरी असली तरी बाहेर कोण मानणार? तिकीट काढणारा बोवीसाठीच येत होता. मात्र यातून त्याला एक गोष्ट मिळाली. रीव्ज गॅब्रेल्स हा गिटारवाला पुढे कितीतरी वर्षं बोवीच्या सोलो कामात त्याच्याबरोबर राहिला. माझ्या मते टिन मशीनची खरी कमाई हीच.

उलट टोकाला 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल. त्या बँडचा गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर 1994 मध्ये त्याने स्टुडिओत जाऊन ढोल, गिटार, बास आणि गाणं असं जवळजवळ सगळं स्वतःच वाजवून एक अल्बम केला, आणि त्यावर 'फू फायटर्स' हे अनेकवचनी नाव टाकलं. माणूस एक, पाटी बँडची. पण तो तिथे थांबला नाही. कार्यक्रमांसाठी माणसं जोडली, पुढचे अल्बम त्यांच्याबरोबर केले आणि पाटीवरचं नाव हळूहळू खरं करून दाखवलं. हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो : आधी एकट्याने जे सुचतंय ते करून टाकायचं, माणसं मिळतील तशी बरोबरी द्यायची.

पॉल मॅकार्टनीनेही असंच केलं. बीटल्स मोडताना एप्रिल 1970 मध्ये त्याचा पहिला सोलो अल्बम आला आणि 1971 मध्ये त्याने 'विंग्ज' काढला. फेब्रुवारी 1972 मध्ये हा जगप्रसिद्ध माणूस बायकोसह गाडीत बसून इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या दारात आगाऊ न कळवता उभा राहायचा, किरकोळ तिकीट लावून वाजवायचा आणि दारावर जमलेली रोकड सगळ्यांत वाटली जायची. आपल्या यात्रेतल्या तमाशाच्या फडालाही हे ओळखीचं वाटेल. पण एरवी साथीदारांना आठवड्याचा ठरीव पगार होता आणि शेवटचा शब्द पॉलचा. 1973 मध्ये नायजेरियातल्या लागोसला रेकॉर्डिंगसाठी निघायच्या तोंडावर दोघांनी अंग काढून घेतलं. उरलेल्या तिघांनी जो अल्बम केला, तोच विंग्जचा सगळ्यांत गाजलेला ठरला. पगारावर ठेवायचं आणि बँड म्हणायचं, यातली कुरबुर कुणालाही चुकलेली नाही.

आपल्या देशात दोन्ही वाटांची माणसं आहेत. मोहित चौहान 'सिल्क रूट' या बँडमधून पुढे आले आणि नंतर पार्श्वगायक म्हणून एकट्याच्या नावावर घराघरांत पोचले. कैलाश खेर यांनी उलट केलं. आवाज आधी गाजला, मग परेश आणि नरेश कामत या भावांना घेऊन त्यांनी 'कैलासा' काढला. नाव बँडचं, पण त्यात गायकाचं नाव शाबूत. नावाजलेल्या माणसासाठी ही मधली तडजोड वाईट नाही. गिऱ्हाईक चुकत नाही आणि बाकीच्यांनाही पाटीखाली जागा मिळते.

आता पैशाचा हिशोब. समजा एका कार्यक्रमाची सुपारी 1,00,000 रुपये. गाडी, साउंड, जेवणखाण मिळून 30,000 गेले. उरले 70,000. गायक एकट्याच्या नावावर असेल तर चार साथीदारांना प्रत्येकी 8,000 देऊन 32,000 जातात आणि त्याच्याकडे 38,000 राहतात. पाच जणांचा बँड आणि सारखी वाटणी असेल तर प्रत्येकाला 14,000. इथपर्यंत वाचून कोणताही गायक म्हणेल, एकटाच बरा. पण वळवाचा पाऊस आला, मंडप उडाला आणि आयोजकाने फक्त 20,000 चा इसार देऊन हात वर केले तर? गाडी आणि साउंडचे 30,000 द्यायचेच आहेत, साथीदारही येऊन बसलेत. एकट्याच्या खिशातून 42,000 जातात. बँडचा तोटा 10,000, म्हणजे माणशी 2,000. चांगल्या सीझनला एकटा असणं गोड लागतं. बँडची किंमत पडत्या वर्षी कळते.

कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते, म्हणून इथे थोडा थांबतो. चार जणांनी मिळून, एकमेकांच्या वतीने कामं घेत, नफा वाटून धंदा चालवला तर भारतीय भागीदारी कायदा, 1932 त्याला भागीदारी मानू शकतो, मग स्टॅम्प पेपरवर एक ओळही लिहिलेली नसो. वाटणी ठरवलेली नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे. म्हणजे ज्याच्या नावावर गर्दी जमते त्याचा आणि काल आलेल्या ढोलकीवाल्याचा वाटा एकच. शिवाय बँडच्या नावाने एकाने इसार घेतला आणि तारीख चुकवली, तर घेणेकरी चौघांपैकी कुणालाही धरू शकतो, आणि तो धरणार ज्याच्याकडे पैसा दिसतो त्यालाच. त्यातच नोंदणी न केलेल्या भागीदारीला बुडवलेल्या सुपारीसाठी कोर्टात दावा लावायचीही अडचण येते. बोलीवर चालणारा बँड नावाजलेल्या माणसालाच सगळ्यांत महाग पडतो, तो असा.

गाण्यांच्या हक्काचंही तसंच. वरातीत दुसऱ्यांची गाणी वाजवली तोवर हा प्रश्न येतच नव्हता. स्वतःची अहिराणी गाणी काढली की शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा. ज्या ठेक्यावर पोरं नाचली तो ऑक्टोपॅडवाल्याने तालमीत सहज वाजवला होता, पण त्याचं नाव कुठेच नसतं. इथूनच धुसफूस सुरू होते. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडने 1989 च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकायला सुरुवात केली, कुणी काय सुचवलं याचा कीस पाडणंच थांबवलं. एकट्याने जाणाऱ्याला हे करायची गरज नाही. बँड म्हणवणाऱ्याने मात्र आधी ठरवावं.

नावाजलेल्या गायकाने भागीदारीत काय ओढवून घेतलं, याचं उदाहरण जळगावकरांना दूर शोधायला नको. जळगावातल्या खुल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या बालगंधर्वांनी (नारायणराव राजहंस) लहानपणी गाण्याचे धडे याच शहरात घेतले. 1913 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी सोडताना ते लोकप्रियतेच्या शिखरावर होते, तरी एकटे निघाले नाहीत. गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांना बरोबर घेऊन त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे बाहेर पडले, बोडसही पडले. मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली, आणि कर्जाचा डोंगरही त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आला. भरजरी शालू आणि अत्तराचा हौशी खर्च सगळ्यांना आठवतो. मला त्यात दुसरंच दिसतं : "नारायणराव, हे परवडणार नाही" असं बरोबरीच्या नात्याने म्हणू शकणारी माणसं तोवर निघून गेली होती.

म्हणून त्या गायकाने मला विचारलं, तर मी एकट्याचं नाव लाव म्हणेन. गाव त्याला ओळखतं, सुपारी त्याच्या नावावर येते, आणि ज्याला आजवर मालकाने हुकूम दिले त्याला लगेच मतदान घेऊन गाणी बसवायची सवय नसते. साथीदारांना ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत, कार्यक्रम रद्द झाला तरी निम्मे द्यावेत, आणि फलकावर त्यांची नावं वाचता येतील एवढ्या अक्षरांत टाकावीत. एवढं केलं तरी खानदेशातले निम्मे बँड त्याच्यापुढे फिके पडतील.

बँडचा विचार एकाच परिस्थितीत करावा. आपल्या डोक्यात नसलेली गोष्ट ज्याच्या हातून निघते, असा एखादा माणूस भेटला, आणि तो पगारावर थांबणार नाही हे दिसलं, तर त्याला बरोबरीचा वाटा द्यावा. त्याच्याबरोबर बसून पहिल्या सुपारीच्या आधी, आखाजीच्या तारखा लागायच्या आत, करार लिहावा : वाटणी किती, गाडीचा हप्ता कुणाचा, गाण्यांवर नावं कुणाची, एक जण गेला तर बँडचं नाव कुणाकडे. आणि यूट्यूब चॅनल कुणाच्या ईमेलवर उघडायचं तेही लिहावं, कारण भांडण झालं की पहिल्यांदा बदलतो तो पासवर्ड.