कोबॉट की जाळीतला रोबोट? पॅलेट रचण्याच्या कामात फरक कुठे पडतो

पॅकिंग लाइनच्या शेवटी सगळ्यात जड काम उरतं. टेप मारून आलेला खोका उचलायचा आणि पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर, रचायचा. खोका १० किलोचा आणि मिनिटाला ८ खोके धरले, तर तासाला ४८० खोके, म्हणजे ४.८ टन माल होतो. आठ तासांच्या शिफ्टला ३८ टनांच्या वर. दोघांनी वाटून घेतला तरी माणशी १९ टन, तेही खालचा थर लावताना कंबरेत वाकून आणि वरचा लावताना हात खांद्याच्या वर नेऊन. हे ओझं माणसाच्या अंगावरून उतरायलाच हवं. घोळ होतो तो यंत्र निवडताना. कोटेशन कोबॉटचं असो की इंडस्ट्रियल रोबोटचं, वर शब्द एकच असतो, ‘रोबोटिक पॅलेटायझर’. दोन्ही यंत्रं खोका उचलून ठेवतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी चालावा म्हणून बनवलेला हात. डेन्मार्कमधल्या युनिव्हर्सल रोबोट्सने आपला पहिला कोबॉट २००८ मध्ये विकला आणि आपल्याकडे बजाज ऑटोने २०१० पासून तो मोटरसायकल जोडणीच्या कामात आणला. जोडणीच्या कामात हाती असतो एखादा सुटा भाग किंवा नट आवळायचं हत्यार. पॅलेटवर मात्र दर सात-आठ सेकंदांनी भरलेला खोका उचलायचा असतो, त्यामुळे जोडणीतलं यश इथे जसंच्या तसं लागू होत नाही. युनिव्हर्सल रोबोट्सच्या यूआर १०ई या मॉडेलची क्षमता १२.५ किलो आणि पोहोच १.३ मीटर. त्या १२.५ किलोंत ग्रिपर, म्हणजे खोका पकडणारा पंजा, तोही आला. हवा ओढून पकडणारा व्हॅक्यूमचा ग्रिपर ३ किलोंचा असेल, तर खोक्यासाठी उरले साडेनऊ. म्हणजे वर धरलेला १० किलोचा खोकासुद्धा त्यात बसत नाही. पोहोचीचंही तसंच. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटचा लांबचा कोपरा आणि माणसाच्या उंचीची थप्पी, दोन्ही १.३ मीटरच्या हाताला जमत नाहीत. म्हणून कोबॉटला वरखाली होणाऱ्या खांबावर बसवतात. कोटेशनमध्ये तो खांब धरलाय का, हे आधी बघा.

दुसरीकडे खास पॅलेटसाठी बनवलेला, माणसांपासून दूर सुरक्षेच्या जाळीत चालणारा इंडस्ट्रियल रोबोट. एबीबी कंपनीचा आयआरबी ४६० घ्या. क्षमता ११० किलो, पोहोच २.४ मीटर. कोबॉटला सहसा सहा अक्ष, म्हणजे वळणारे सांधे, असतात, याला चारच. खोका तिरका करायची गरजच नसते, म्हणून जोडदांड्यांची रचना मनगट कायम जमिनीला समांतर ठेवते. अक्ष कमी केल्याने हात सुटसुटीत आणि वेगवान होतो. तो एका वेळी तीन-चार खोक्यांची रांग उचलू शकतो आणि वेगळा ग्रिपर लावला तर मालाखाली स्लिपशीटही (पातळ ताव) टाकतो. मिनिटाला वीस-पंचवीस खोके येणाऱ्या लाइनवर कोबॉटचा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जाळीचा मुद्दा, कारण बहुतेक खरेदी इथेच फसते. ‘कोबॉटला जाळी लागत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. कोबॉट सुरक्षित ठरतो तो धक्का लागताच थांबतो म्हणून, आणि तो धक्का सहन होण्याइतका हलका राहावा म्हणून त्याला सावकाश चालावं लागतं. वेग दुप्पट केला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. शरीराच्या कोणत्या भागाला किती जोर आणि दाब चालेल, याचे तक्ते आयएसओ/टीएस १५०६६ या कोबॉटच्या सुरक्षिततेवरच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात दिले. शिवाय हात थांबला तरी हातातलं वजन तेच राहतं. व्हॅक्यूम सुटून १२ किलोचा खोका दीड मीटरवरून पायावर पडला, तर हाताचा सेन्सर काय करणार? म्हणून सुरक्षितता तपासायची ती ग्रिपर, खोका, वेग, पॅलेट आणि जाण्यायेण्याची वाट या सगळ्या मांडणीची, नुसत्या यंत्राची नाही. वेग वाढवायचा असेल तर कोबॉटभोवती लेझर स्कॅनर लावतात. माणूस जवळ आला की हात मंदावतो, अगदी जवळ आला की थांबतो. पण पॅलेट-जॅक (पॅलेट ओढायची हातगाडी) घेऊन सारखी ये-जा असेल तर तो दिवसभर मंदावतच राहतो आणि कागदावरचा वेग मिळत नाही. अशा जागी सरळ जाळी, दरवाजाला इंटरलॉक (दार उघडताच यंत्र थांबवणारी सोय) आणि पॅलेटच्या वाटेवर लाइट कर्टन (कोणी आत शिरताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावलेलं जास्त प्रामाणिक.

पोत्यांचा प्रश्न वेगळाच. साखरेचं ५० किलोंचं पोतं बहुतेक कोबॉटच्या क्षमतेबाहेरचं. त्यात तागाच्या विणीतून हवा झिरपते, त्यामुळे व्हॅक्यूमची पकड बसत नाही. पोत्यासाठी बोटांचा पंजा लागतो, तो रोलरच्या फटींतून बोटं खाली घालून पोतं उचलतो. अशा पंजाचं स्वतःचं वजनच कोबॉटला पेलत नाही. इथे इंडस्ट्रियल रोबोटच हवा.

मग कोबॉट कुठे? सात-आठ किलोंचे खोके, मिनिटाला पाच-सहा, महिन्यात दहा प्रकारचा माल आणि शेडमध्ये जागा कमी, अशा लहान कारखान्यात तो उत्तम. खोक्याची लांबी-रुंदी-उंची आणि थराची मांडणी स्क्रीनवर भरली की ऑपरेटर स्वतःच नवा माल सुरू करतो. लाइन बदलली तर पाया सुटा करून दुसरीकडे नेता येतो. आयआरबी ४६० चं स्वतःचं वजन नऊशे किलोंच्या पुढे, तो एकदा बोल्ट मारून बसवला की तिथलाच.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी चाचणी स्वतःच्या खोक्यांवर घ्या, आणि जमल्यास पावसाळ्यात. दमट हवेत खोक्याचा कोरुगेटेड बोर्ड (नालीदार पुठ्ठा) ओल धरून मऊ पडतो. व्हॅक्यूमचे कप वरच्या पाकळ्यांना धरून उचलतात तेव्हा सगळं वजन टेपवर येतं, टेप सुटते आणि खोका वरून उघडतो. तसं झालं तर कपांबरोबर खालून आधार देणारा काटा असलेला ग्रिपर मागा, आणि त्याचं वाढीव वजन क्षमतेच्या हिशोबात पुन्हा धरा.